वाय-फाय आहे, पण पान उघडत नाही

दिल्लीच्या कालकाजी भागात २६ जानेवारी १९९९ रोजी एका भिंतीत कॉम्प्युटर बसवला गेला. भिंतीच्या एका बाजूला एनआयआयटी कंपनीचं ऑफिस होतं, दुसऱ्या बाजूला झोपडपट्टी. सुगतो मित्रा यांचा तो ‘भिंतीतलं भोक’ म्हणून पुढे जगभर गाजलेला प्रयोग. वस्तीतल्या मुलांना शिकवायला कुणीच नव्हतं, त्यामुळे स्क्रीनवरच्या गोष्टींना त्यांनी स्वतःच नावं ठेवली. बाण झाला ‘सुई’ आणि काम होईपर्यंत थांबायला सांगणारं ते वाळूचं घड्याळ झालं ‘डमरू’. शंकराच्या हातातला डमरू!

डमरूची जागा आता गोल फिरणाऱ्या चकतीने घेतली आहे, पण तिच्याकडे बघत बसणं काही सुटलेलं नाही. नोएडा, गुरुग्राम, गाझियाबादच्या उंच सोसायट्यांमध्ये एकेका घरात तीन-तीन लॅपटॉप असतात. आईची मीटिंग, बाबांचा ऑफिसचा मेल, मुलीचा परीक्षेचा फॉर्म. कोपऱ्यात वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसतं आणि ब्राउझरमध्ये मात्र पान पांढरंफटक. फॉर्मची शेवटची तारीख आजची असेल, तर घरातलं वातावरण किती तापतं ते सांगायला नको.

अशा वेळी बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. राउटर बंद-चालू करतात आणि त्याने भागलं नाही, की फोनवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतात. पहिली गोष्ट ठीक आहे. दुसरी धोक्याची आहे, कशी ते पुढे येईलच. पान न उघडण्याची कारणं तशी मोजकीच असतात आणि ती योग्य क्रमाने तपासली, तर दहा-पंधरा मिनिटांत दोष कुठे आहे एवढं तरी घरच्या घरी कळतं.

आधी फोनला विचारा

पहिला प्रश्न साधा आहे. एकाच लॅपटॉपवर अडलंय की घरातल्या सगळ्यांवर? हे बघायला हातातला फोन पुरतो, फक्त एक काळजी घ्या. फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि मग वाय-फायवर पान उघडून बघा. हे न केल्यामुळे पुष्कळांची दिशाभूल होते. वाय-फायमधून इंटरनेट मिळत नाही असं दिसताच आजचे फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. पान उघडतं आणि आपण म्हणतो, “माझ्या फोनवर तर चालतंय, तुझाच लॅपटॉप बिघडलाय.” घरातली निम्मी भांडणं इथूनच सुरू होत असावीत.

आता उलटी चाचणी. फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडा. पान उघडलं, तर लॅपटॉप बहुधा ठीक आहे आणि गडबड घरच्या लाइनमध्ये किंवा राउटरमध्ये आहे. हॉटस्पॉटवरही उघडलं नाही, तर लॅपटॉपकडे वळा. तिसरी शक्यता म्हणजे एकच वेबसाइट उघडत नाही आणि बाकी सगळ्या उघडतात. मग बहुतेक वेळा तुमच्याकडे काहीच बिघडलेलं नसतं.

लाल दिवा आणि डीजी

फायबरची लाइन घरात जिथे येते, तिथल्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल झाला, की बाहेरून येणारा प्रकाशच पोहोचत नाहीये असं समजायचं. फायबर तुटली, वाकली किंवा जोडातून सुटली. अशा वेळी लॅपटॉपमध्ये काहीही बदलून उपयोग नाही, थेट तक्रार नोंदवा. तारा तुटायची कारणं आपल्याकडे भरपूर आहेत. रस्त्याचं खोदकाम आहे, पतंगाचा मांजा आहे. २०१५ साली वाराणसीत गंगेच्या घाटांवर टाकलेल्या फायबरच्या तारा माकडं कुरतडत होती, त्याची बातमी परदेशी वृत्तसंस्थांनीही दिली होती. दिल्लीची माकडं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

एनसीआरच्या सोसायट्यांमधली आणखी एक खास गोष्ट म्हणजे डीजी. वीज गेली की काही सेकंदांत जनरेटर सुरू होतो, दिवे लुकलुकून परत येतात आणि आपण ते विसरूनही जातो. पण तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू झालेला असतो. वाय-फायचं चिन्ह लगेच दिसतं, बाहेरची लाइन जुळायला मात्र थोडी मिनिटं लागतात. त्या मधल्या वेळात ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ असं दिसणं अगदी स्वाभाविक आहे. तेव्हा सेटिंगमध्ये हात घालू नका. चहा टाका. रोजच वीज जात असेल, तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेऊन टाका.

राउटर बंद-चालू करायचा तर नीट करा. प्लग काढून अर्धा मिनिट थांबा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील, तर आधी डबा सुरू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या आणि मग राउटर.

लाइन चांगली असूनही आतल्या खोलीत पानं अडखळत असतील, तर भिंतींचा विचार करा. राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो. पाच गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान असते, पण काँक्रीटच्या भिंतीतून नीट जात नाही. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतीपलीकडे पोहोचते, पण टॉवरमधल्या प्रत्येक फ्लॅटचं वाय-फाय तिच्यावर गर्दी करून असतं. तिच्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन, १, ६ आणि ११. दारामागच्या कपाटात कोंडलेला राउटर बाहेर काढून उंचावर ठेवला, तरी पुष्कळ फरक पडतो.

पत्ता सांगणारा

दिवे हिरवे, सिग्नल पूर्ण, तरी पान नाही. इथे बहुतेकांची मती गुंग होते आणि इथेच एक छोटी गोष्ट कळली तर डोक्यावरचा अर्धा भार उतरतो.

आपण ब्राउझरमध्ये वेबसाइटचं नाव लिहितो, पण कॉम्प्युटर एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात. नाव सांगितलं की पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. अनोळखी गल्लीत शिरल्यावर आपण कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारतो, “जोशींचं घर कुठलं?” तसाच हा. रस्ता उघडा आहे, जोशी घरात आहेत, पण पानवाल्याची टपरी बंद असेल तर तुम्ही गल्लीतच फिरत राहाल. ब्राउझरवर ‘डीएनएस’ हा शब्द असलेला संदेश दिसला, तर समजा की टपरी बंद आहे.

हे तपासायची सोपी युक्ती आहे. विंडोजच्या सर्चमध्ये ‘सीएमडी’ लिहून काळी खिडकी उघडा. तिच्यात ‘पिंग’ हा शब्द, मग जागा सोडून चार आठ, प्रत्येक आठानंतर एक टिंब (शेवटच्या आठानंतर नको), सगळं इंग्रजी अक्षरांत. हा गुगलच्या डीएनएसचा पत्ता आहे. उत्तरं येऊ लागली आणि पानं मात्र उघडत नसतील, तर रस्ता चालू आहे आणि पत्ता सांगणारा बहुधा झोपला आहे. वाय-फायच्या सेटिंगमध्ये डीएनएस ‘मॅन्युअल’ करून हेच चार आठ भरा किंवा क्लाउडफ्लेअरचे चार एक. दोन्ही सेवा मोफत आहेत. लॅपटॉप ऑफिसचा असेल, तर मात्र कंपनीच्या आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय हे करू नका.

हा पत्ता सांगणारा फितूर झाला तर काय होतं, हे जगाने पाहिलेलं आहे. ‘डीएनएस चेंजर’ नावाच्या व्हायरसने शंभराहून जास्त देशांतल्या सुमारे ४० लाख कॉम्प्युटरमधला डीएनएस गुपचूप बदलला होता. लोक नाव एक लिहायचे आणि पोहोचायचे भलतीकडेच. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ही टोळी उघडकीला आणली, तेव्हा सहा एस्टोनियन नागरिकांना अटक झाली. पण त्यांचे सर्व्हर लगेच बंद केले असते, तर इतक्या लोकांचं इंटरनेट एका क्षणात गेलं असतं. म्हणून त्यांच्या जागी काही महिने चांगले सर्व्हर चालवण्यात आले आणि ९ जुलै २०१२ ला ते बंद झाले. त्या दिवशी ज्यांचा लॅपटॉप साफ झालेला नव्हता, त्यांना वाय-फाय दिसत होतं, लाइन ठणठणीत होती आणि पान एकही उघडत नव्हतं. बाधित देशांच्या यादीत भारतही होता.

म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ हाच राहिला असेल, तर तो आज बदला. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा.

एकाच लॅपटॉपचा रुसवा

घरातल्या सगळ्यांचं चालतंय आणि एकाचंच अडलंय. आधी लॅपटॉप रिस्टार्ट करा. ‘शट डाउन’ नाही, ‘रिस्टार्ट’. विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून शट डाउन करताना काही गोष्टी तशाच जपून ठेवल्या जातात. रिस्टार्टमध्ये पाटी खरोखर कोरी होते.

मग घड्याळ बघा. हसू नका, लॅपटॉपच्या घड्याळामुळे पानं अडतात. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे ठराविक मुदतीचं प्रमाणपत्र असतं. ब्राउझर ती मुदत तुमच्या घड्याळाशी ताडून बघतो. कपाटात वर्षभर पडलेल्या जुन्या लॅपटॉपची आतली बॅटरी संपली, की तारीख मागे जाते आणि ब्राउझरला सगळ्या प्रमाणपत्रांची तारीख चुकीची वाटू लागते. ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असा संदेश एकदम सगळ्याच वेबसाइटवर दिसू लागला, तर आधी तारीख आणि वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा. तोच संदेश फक्त बँकेच्या पानावर दिसला, तर मात्र पुढे जाऊ नका.

पुढची पायरी मला स्वतःला फार आवडते, कारण ती गुप्तहेराच्या कामासारखी आहे. दुसरा ब्राउझर उघडा. क्रोममध्ये अडलेलं पान क्रोमच्याच इनकॉग्निटो खिडकीत उघडलं, तर एखादं एक्स्टेन्शन किंवा साठलेला जुना मजकूर आडवा आला आहे. एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा, चोर सापडेल. क्रोम आणि एज दोन्ही बंद, पण फायरफॉक्स चालतोय, असं असेल तर संशय विंडोजच्या ‘प्रॉक्सी’वर घ्या. क्रोम आणि एज विंडोजचीच प्रॉक्सी वापरतात, फायरफॉक्सला स्वतःची वेगळी ठेवता येते. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये किंवा जुन्या नोकरीत भरलेली प्रॉक्सी सुट्टीला घरी येते आणि घरच्या वाय-फायवर सगळं ठप्प करते. ती बंद केली की पानं धावू लागतात. आपण कधी भरलीच नव्हती अशी प्रॉक्सी तिथे दिसली, तर अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा. व्हीपीएन सुरू राहिला असेल तर तोही थोडा वेळ बंद करून बघा. काही सरकारी वेबसाइट परदेशातल्या पत्त्यावरून उघडत नाहीत आणि व्हीपीएन तुम्हाला नोएडात बसवून परदेशात नेऊन सोडतो.

लॅपटॉपचा आकड्यांचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही, त्याने स्वतःच मनाने घेतलाय. ते वाय-फाय ‘फरगेट’ करून पासवर्ड पुन्हा भरा. याहून विचित्र प्रकार म्हणजे सर्चचं पान पटकन उघडतं आणि बँकेचं, फोटोंचं पान अर्ध्यात लटकतं. काही ब्रॉडबँड लाइनवर माहितीच्या एका पुडक्याचा कमाल आकार १५०० ऐवजी १४९२ असावा लागतो. राउटरमध्ये तो चुकला, की लहान पुडकी जातात आणि मोठी हरवतात. ही दुरुस्ती कंपनीच्या माणसाकडून करून घ्या, पण ‘एमटीयू तपासा’ एवढं त्याला सांगता आलं तरी त्याची फेरी वाचेल.

कधी दोष लॅपटॉपच्या वयाचा असतो. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारं शेवटचं क्रोम म्हणजे १०९ वं, जानेवारी २०२३ चं. त्यानंतर अशा लॅपटॉपवर नवी पानं हळूहळू मोडकी दिसू लागतात. इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निरोप दिला, तरी एखादं जुनं पोर्टल त्याच्याचसाठी अडून बसतं. एजमध्ये ‘आयई मोड’ आहे, तो त्याच्यासाठीच.

सगळं करून दमलात, तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘नेटवर्क रीसेट’ आहे. त्याने साठवलेले वाय-फायचे पासवर्ड पुसले जातात, तेव्हा ते आधी लिहून ठेवा.

ओटीपीचं वाय-फाय

विमानतळावर, स्टेशनवर, हॉटेलात वाय-फाय जोडलं जातं आणि पान उघडत नाही, याचं कारण बहुधा वेगळंच असतं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गुगलचं मोफत वाय-फाय सुरू झालं, तेव्हापासून फोन नंबर देऊन ओटीपी भरण्याची सवय आपल्याला लागली. ते ओटीपीचं पान समोर यायला हवं, पण सुरक्षित वेबसाइट मध्येच दुसरं पान घुसू देत नाहीत, म्हणून ते कधीकधी येतच नाही. वाय-फाय तोडून पुन्हा जोडा आणि व्हीपीएन व स्वतः भरलेला डीएनएस दोन्ही काढा. घरी भरलेले ते चार आठ इथे हमखास आडवे येतात.

दोष घरात नसतो तेव्हा

३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या आणि भारतभर इंटरनेट मंदावलं. ६ सप्टेंबर २०२५ ला तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ तसंच झालं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास जगातून गायब होते. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर कोलमडलं आणि एकमेकींशी काही संबंध नसलेल्या अनेक वेबसाइट एकाच वेळी बंद पडल्या. दिल्लीकरांनी आणखी एक प्रकार पाहिला आहे. १९ डिसेंबर २०१९ ला शहराच्या काही भागांत आणि २६ जानेवारी २०२१ ला सिंघू, गाझीपूर, टिकरीच्या आसपास सरकारी आदेशाने मोबाइल इंटरनेट बंद होतं. अशा दिवशी राउटरचा प्लग कितीदा उपटला तरी काय होणार? शेजाऱ्यांना किंवा दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकांना एक फोन करा, पाच मिनिटांत कळतं.

नंबर शोधायला जाल तेव्हा

आता तो धोका. पान अडलं की माणूस घाबरतो आणि घाबरलेल्या माणसावर जगणारा एक मोठा धंदा याच एनसीआरमध्ये फोफावला. स्क्रीनवर अचानक लाल खिडकी येते, भोंगा वाजतो, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असं लिहिलेलं असतं. पलीकडे बसलेला माणूस स्वतःला मायक्रोसॉफ्टचा तंत्रज्ञ म्हणवतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तक्रारीवरून गुरुग्राम आणि नोएडाच्या पोलिसांनी अशा १६ कॉल सेंटरवर छापे घातले आणि तीन डझनांच्या आसपास लोकांना पकडलं. परदेशातले लोक त्यांचं मुख्य गिऱ्हाईक होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये देशात ७६ ठिकाणी झडती घेतली, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या नावाने चालणाऱ्या बनावट कॉल सेंटरचाही समावेश होता.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये एकट्या राहणाऱ्या आपल्या मावशी-काकांना हे आवर्जून सांगा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. खिडकी बंद होत नसेल, तर एस्केपचं बटण दाबून धरा. तरीही नाहीच गेली, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करा. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू का, असं तो विचारेल, तेव्हा ‘नको’ म्हणा.

घरबसल्या फसवणुकीची देशी आवृत्ती आणखी सोपी आहे. सर्चमध्ये कंपनीचं नाव टाकून ‘कस्टमर केअर’ लिहिलं, की ठगांनी पेरलेले नंबरही वर येतात. गोड बोलणारा माणूस एक अ‍ॅप टाकायला लावतो आणि तुमची स्क्रीन त्याच्या हाती जाते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘एनीडेस्क’ या अ‍ॅपच्या अशा गैरवापराबद्दल सावध केलं होतं. ते अ‍ॅप स्वतः वाईट नाही, ऑफिसचे आयटीवाले तशीच अ‍ॅप वापरतात. पण अनोळखी माणसाला नऊ आकडी कोड सांगणं म्हणजे घराची किल्ली देणं.

इंटरनेट कंपनीचा खरा नंबर बिलावर आणि त्यांच्या अ‍ॅपमध्ये असतो. तो ग्राहक क्रमांकासह कागदावर लिहून राउटरच्या डब्याला चिकटवून ठेवा, कारण गरज लागेल तेव्हा पान उघडत नसेल. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. आणि समोरच्याला स्क्रीन दिली असेल, तर त्या क्षणी लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला आणि मगच बाकीची चौकशी.